आईच्या कोरडेपणामुळे ऑटिझम होत नाही

"आईनं जीव लावला नाही, म्हणून मूल असं झालं" हा ऑटिझमबद्दलचा (स्वमग्नता; मेंदूची वाढ वेगळी झाल्यानं संवाद आणि वागणं वेगळं असणं) समज अजून फिरतोय. १९४०च्या दशकात बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी पालकांच्या कोरडेपणावर बोट ठेवलं. पुढे शिकागोत मुलांची उपचारशाळा चालवणारे ब्रूनो बेटलहाइम यांनी तर सगळं खापर आयांवरच फोडलं. १९६४मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी (ते स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील!) हे खोडून काढलं. १९७७च्या जुळ्यांच्या अभ्यासातही आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला.

पालक थकलेले, तुटक वाटतात, हे खरंच. रात्री दोनला टक्क जागं असलेलं मूल सांभाळून सकाळी कामाला लागणाऱ्या बाईचा चेहरा हसरा कुठून असणार? हा ताण नंतरचा. ऑटिझमची सुरुवात मात्र बहुतेकदा जन्माआधीच, मेंदूच्या वाढीत झालेली असते. त्यात आईलाच दोष दिला, की ती मदत मागायलाही कचरते.