एच२ओ मधला दोन आला कुठून?

पाण्याचं रेणुसूत्र एच२ओ. त्यातल्या एचच्या पायाशी असलेला बारीक २ पक्का व्हायला रसायनशास्त्राला जवळपास पन्नास वर्षं लागली.

वाद वजनाचा नव्हता. पाण्यात एक भाग हायड्रोजनला आठ भाग ऑक्सिजन असतो, हे मोजता येतं. अणू किती, हे मात्र तराजू सांगत नाही. दोघांचा एकेक अणू धरला तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड ठरतो, हायड्रोजनचे दोन धरले तर सोळापट. मोजमाप तेच, सूत्रं दोन. जॉन डाल्टनने १८०८ मध्ये एकास एक धरलं. दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर सर्वांत साधं प्रमाण घ्यायचं, हा त्याचा नियम. सोयीचा खरा, पण पुराव्याशिवायचा.

त्याच सुमारास गे-ल्युसाकने वायूंची आकारमानं मोजली. तापमान आणि दाब तेच ठेवले तर दोन लीटर हायड्रोजन आणि एक लीटर ऑक्सिजनपासून दोन लीटर वाफ मिळते. १८११ मध्ये अव्होगाड्रोने अर्थ लावला: समान आकारमानात रेणूंची संख्या समान. मग ऑक्सिजनच्या एका रेणूतून वाफेचे दोन रेणू व्हायचे, तर त्या रेणूत निदान दोन अणू हवेत. डाल्टनला हे पटेना. त्याच्या मते सारखे अणू एकमेकांना दूर ढकलतात.

अक्षरी संज्ञा बर्झेलियसने १८१३-१४ मध्ये आणल्या. आकडा तो अक्षराच्या डोक्यावर लिहायचा, गणितातल्या घातासारखा. १८३४ मध्ये लीबिगने तो पायाशी आणला. जागा ठरली, किंमत नाही. १८६१ मध्ये केकुलेने एकट्या ॲसिटिक आम्लाची प्रचारातली १९ सूत्रं छापली!

तिढा सोडवला कॅनिझारोने. वायूंच्या घनतेवरून रेणुवस्तुमान (हायड्रोजनचा अणू १ धरला तर रेणू किती जड, ते) काढायचं आणि प्रत्येक संयुगात ऑक्सिजनचा वाटा किती ते पाहायचं. वाफेत १८ पैकी १६, कार्बन मोनॉक्साइडमध्ये २८ पैकी १६, कार्बन डायऑक्साइडमध्ये ४४ पैकी ३२. सर्वांत लहान वाटा १६, बाकीचे त्याच्या पटीत. म्हणजे अणुवस्तुमान १६, आणि पाण्यात हायड्रोजन दोन. जर्मनीतल्या कार्ल्सरूए इथे सप्टेंबर १८६० मध्ये भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेनंतर ही पद्धत हळूहळू रुजली.

पायाशी असलेला आकडा असा प्रयोगातून आलेला आहे, म्हणून समीकरण संतुलित करताना त्याला हात लावायचा नाही. एच२ + ओ२ → एच२ओ मध्ये उजवीकडे ऑक्सिजन कमी पडतो म्हणून ओखाली २ लिहिला, तर पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. बदलायचा तो सूत्रापुढचा सहगुणक: २एच२ + ओ२ → २एच२ओ. तो पूर्ण रेणूला गुणतो; २एच२ओ म्हणजे हायड्रोजनचे चार अणू, ऑक्सिजनचे दोन.

हे २, १, २ म्हणजे गे-ल्युसाकचेच लीटर. ते ग्रॅम समजले की गणित हमखास चुकतं: ४ ग्रॅम हायड्रोजनला ऑक्सिजन ३२ ग्रॅम लागतो, २ ग्रॅम नव्हे.