महालेखापरीक्षक असताना खर्च आयोग कशाला?

सरकारी उधळपट्टीची एखादी मोठी बातमी आली की दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. पहिली : या सगळ्याला चाप लावायला स्वतंत्र आयोग नेमा. दुसरी : कॅग आहे की, मग आणखी एक आयोग कशाला पोसायचा? दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून चाललेल्या असतात. खर्चावर नजर ठेवणं हे एकच काम आहे आणि ते कोणीतरी एकाने करायचं आहे, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजेच कॅग, आणि खर्च कमी करण्यासाठी सरकार नेमतं तो आयोग यांचे प्रश्न वेगळे आहेत, अधिकार वेगळे आहेत आणि मुख्य म्हणजे दोघांच्या अहवालाचं पुढे जे होतं ते फार वेगळं आहे.

(वित्त आयोग हा या दोघांहून निराळा. संविधानाच्या कलम २८० खाली तो नेमला जातो आणि केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना कसा द्यायचा हे प्रामुख्याने सुचवतो. नावामुळे त्याचीही यात सरमिसळ होते, म्हणून एवढं सांगितलं.)

फरक कळायला एक प्रसंग कल्पून पाहू. एका ग्रामीण रुग्णालयात नवं क्ष-किरण यंत्र आलं. खोक्यातून बाहेर निघालंच नाही, कारण ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचं पद रिकामं आहे आणि खोलीत थ्री-फेज वीजजोडणी नाही. दोन वर्षांनी लेखापरीक्षा पथक येतं. ते साठा नोंदवही उघडतं, चलनावरची तारीख पाहतं, वॉरंटी कधी संपली ते तपासतं, निविदा नियमानुसार निघाली होती का, दर मंजूर होता का, हे बघतं. मग कार्यालयाच्या हाती हाफ मार्जिन मेमो, म्हणजे खुलासा मागणारी लेखापरीक्षेची प्राथमिक विचारणा, पडतो. उत्तर समाधानकारक नसेल तर आक्षेप वर सरकत जातो आणि पुरेसा गंभीर ठरला तर कॅगच्या अहवालात त्याचा परिच्छेद होतो : यंत्र विनावापर पडून, खर्च निष्फळ.

हे काम अतिशय मोलाचं आहे. जनतेचा पैसा नेमका कुठे अडकला हे तारखेसह कागदावर येतं, तेही आपल्याकडे फार कमी ठिकाणी घडतं. पण लेखापरीक्षेचा प्रश्न मूळ मंजुरीच्या आतच फिरतो. विधिमंडळाने ज्यासाठी पैसे दिले त्यासाठीच ते गेले का, नियम पाळून गेले का, आणि त्यातून ठरलेला परिणाम मिळाला का?

खर्च आयोगाने त्याच खोक्यासमोर उभं राहून वेगळं विचारायचं असतं. असली यंत्रं घेणाऱ्या दोन-तीन योजना वेगवेगळ्या खात्यांतून एकाच वेळी का चालू आहेत? यंत्राला पैसा मिळतो पण तंत्रज्ञाच्या पगाराला मिळत नाही, ही रचना कोणी केली? ही योजना पुढच्या अर्थसंकल्पात असावी का? ‘असावी का’ हा प्रश्न धोरणाचा आहे आणि कॅगने धोरण ठरवायचं नसतं. अंमलबजावणीचे परिणाम मात्र कॅग जरूर तपासतो. असे परिणाम तपासणाऱ्या कार्यक्षमता लेखापरीक्षेच्या अधिकारालाच आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली, तेव्हा कॅग म्हणजे नुसता मुनीम नव्हे, अशा आशयाचं मतही न्यायालयाने बोलून दाखवलं होतं. तरी सीमारेषा नाजूकच राहते. टू-जी स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाइल सेवेच्या लहरी आणि परवाने वाटपाच्या, २०१० च्या अहवालात १.७६ लाख कोटी रुपयांच्या संभाव्य नुकसानीचा आकडा आला आणि कॅगने आपली मर्यादा ओलांडली की कर्तव्य केलं, यावर देश दुभंगला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडलं. वाद अजून मिटलेला नाही.

आता स्वतंत्रपणाकडे येऊ, कारण खरी गल्लत इथे होते. ‘स्वतंत्र आयोग’ म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर कॅगसारखं स्वातंत्र्य असतं. कॅगचं पद संविधानाच्या कलम १४८ मधून येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवायची जी पद्धत, तीच त्यांना लागू आहे. मुदत सहा वर्षांची किंवा वयाच्या पासष्टीपर्यंतची, यातलं जे आधी येईल ते. पगार आणि कार्यालयाचा प्रशासकीय खर्च भारताच्या संचित निधीवर, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीवर, भारित असतो, त्यामुळे त्यावर संसदेत मतदान होत नाही. पद सोडल्यावर केंद्र किंवा राज्य सरकारात दुसरं पद घेता येत नाही. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. निवृत्तीनंतरच्या खुर्चीची आशा हे तपासणाऱ्याला मऊ करण्याचं सर्वांत सोपं साधन असतं आणि संविधानकर्त्यांनी ते आधीच काढून घेतलं.

खर्च आयोगाकडे यातलं काहीच नसतं. केंद्राने २००० मध्ये माजी वित्त सचिव के. पी. गीताकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली खर्च सुधारणा आयोग नेमला. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर बिमल जालान यांच्या अध्यक्षतेखाली खर्च व्यवस्थापन आयोग आला. माणसं अनुभवी आणि मान्यवर होती, त्याबद्दल शंका नाही. पण दोन्ही आयोग सरकारनेच स्थापले, कार्यकक्षा सरकारने ठरवली आणि अहवालही सरकारलाच दिला. असा अहवाल सभागृहासमोर ठेवायचं कोणतंही कायदेशीर बंधन नसतं. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल कार्यवाहीच्या निवेदनासह सहा महिन्यांत सभागृहात मांडावा लागतो. प्रशासकीय ठरावाने नेमलेल्या आयोगाला तोही आधार नाही.

म्हणजे आयोगातली माणसं स्वतंत्र बाण्याची असू शकतात, पण आयोग स्वतंत्र नसतो. अध्यक्ष कितीही ताठ कण्याचा असला तरी त्याच्या शिफारशी फायलीत पडून राहिल्या तर त्याच्या हाती काहीच उरत नाही.

कॅगच्या अहवालाची वाट बरीच पक्की आहे. कलम १५१ नुसार तो राष्ट्रपतींकडे किंवा राज्यपालांकडे जातो आणि सभागृहात मांडला जातो. मग लोकलेखा समिती त्यातले परिच्छेद घेऊन बसते आणि सचिवांना साक्षीला बोलावते. संसदेच्या या समितीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात आणि १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. मात्र अहवाल किती दिवसांत मांडायचा हे संविधानात लिहिलेलं नाही आणि या फटीचा फायदा सरकारं घेतात. दिल्लीत कॅगचे १४ अहवाल विधानसभेत न मांडता रखडले होते. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या दिरंगाईवर कडक शब्दांत बोट ठेवलं, आणि ते मांडायला सुरुवात झाली ती सरकार बदलल्यावर. संविधानिक पदाचा अहवालही असा अडवता येतो, तर साध्या ठरावाने नेमलेल्या आयोगाची गत काय होत असेल?

मग आयोग हवाच कशाला? कारण लेखापरीक्षा नेहमी मागे वळून पाहते. पैसा गेलेला असतो. परिच्छेद छापून येईपर्यंत संबंधित अधिकाऱ्याची दोनदा बदली झालेली असते. आणि योजना नियमानुसार काटेकोर चालली असेल तर ती निरुपयोगी असूनही लेखापरीक्षेत तिच्यावर फारसा ठपका येत नाही. नियम पाळून केलेली उधळपट्टी ही सर्वांत मोठी उधळपट्टी असते असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती पकडायला कालबाह्य योजनांवर नेमकं बोट ठेवणारी यंत्रणा लागतेच. खर्चाचे अंदाज तपासणारी संसदेची प्राक्कलन समिती हे काम थोडंफार करते, पण तिच्या सदस्यांची मुदत एका वर्षाची आणि विषय मोजकेच.

आयोगाच्या कामात एक धोका मात्र आहे आणि तो आपण अनुभवलेला आहे. २००१-०२ च्या अर्थसंकल्पात केंद्राने नागरी कर्मचाऱ्यांची संख्या पाच वर्षांत १० टक्के कमी करायचं जाहीर केलं. मनुष्यबळाचा प्रश्न गीताकृष्णन आयोगाच्याही समोर होता आणि त्याने खातेनिहाय अहवाल दिले होते, म्हणजे कोणत्या कार्यालयात कोणती पदं अनावश्यक आहेत याचा विचार त्यात होता. पण अंमलात आलं ते सरसकट सूत्र : दरवर्षी साधारण ३ टक्के लोक निवृत्त होतात, नवी भरती एकूण संख्येच्या १ टक्क्यावर रोखायची, म्हणजे वर्षाला २ टक्के आपोआप घटतील. मे २००१ च्या आदेशाने हे लागू झालं आणि २००९ पर्यंत चाललं.

यात पद गेलं ते कोणाचं? ज्या टेबलावरचा माणूस निवृत्त झाला त्याचं. कामाची गरज पाहून नव्हे, जन्मतारीख पाहून. ज्या विभागात काम उरलेलं नाही पण माणसं चाळिशीतली आहेत तो विभाग जसाच्या तसा राहतो, आणि जिथे काम तुंबलेलं आहे पण कर्मचारी वयस्क आहेत तिथली खुर्ची रिकामी होते. वरचं उदाहरण आठवा : तंत्रज्ञाचं पद रिकामं म्हणून यंत्र खोक्यात. सरसकट कपातीतून अशीच नवी नासाडी जन्माला येते. आकड्यांत ती बचत दिसते, म्हणून तिचं कौतुकही होतं.

आयोगाला धार कशी देता येते याचा एक नमुना अमेरिकेत आहे. लष्करी तळ बंद करणं तिथे राजकीयदृष्ट्या जवळपास अशक्य झालं होतं, कारण प्रत्येक तळ कोणत्या ना कोणत्या लोकप्रतिनिधीच्या मतदारसंघात असतो आणि तो त्यासाठी जिवाचं रान करतो. १९८८ पासून तिथे याच कामासाठी आयोग नेमले गेले. कायद्याने ठरलेली पद्धत अशी की आयोगाने दिलेली यादी पूर्ण स्वीकारायची किंवा पूर्ण नाकारायची, एखादा तळ वगळायची सोय नाही. राष्ट्राध्यक्षांनी (१९८८ च्या पहिल्या फेरीत संरक्षणमंत्र्यांनी) यादी मान्य केली आणि काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराविक मुदतीत ती फेटाळली नाही, तर ती आपोआप लागू. १९८८, १९९१, १९९३, १९९५ आणि २००५ अशा पाच फेऱ्यांत तळ खरोखर बंद झाले. इथे आयोगाला शेवटचा शब्द दिलेला नाही, तो निवडून आलेल्यांकडेच आहे. फक्त गप्प बसून शिफारस मारायची मुभा काढून घेतली आहे.

ही पद्धत जशीच्या तशी कल्याणकारी योजनांना लावावी असं मी म्हणणार नाही. तळांच्या यादीत कोणाच्या ताटातला घास नसतो. रेशन, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती यांच्या बाबतीत ‘सगळं घ्या नाहीतर सगळं सोडा’ हे क्रूर ठरेल. तिथे प्रत्येक शिफारशीवर स्वतंत्र चर्चा हवी आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांची बाजू आधी ऐकलेली हवी. पण कालबाह्य महामंडळं, एकमेकांवर चढलेली कार्यालयं, नाव बदलून पुन्हा आलेल्या योजना यांच्यासाठी मुदतीचं बंधन घालायला काहीच हरकत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी केंद्र किंवा राज्य सरकारने असा आयोग जाहीर केला, तर अध्यक्षांच्या नावावर चर्चा करण्याआधी त्याच्या स्थापनेचा मूळ आदेश काढून वाचावा. आयोग कायद्याने झालाय की नुसत्या ठरावाने? अहवाल किती दिवसांत सभागृहात ठेवायचा हे लिहिलंय का? न स्वीकारलेल्या शिफारशींची कारणं सरकारला लेखी द्यावी लागणार आहेत का? सदस्यांना नंतर सरकारी पद घेता येईल का? आणि कार्यकक्षेतून कोणती खाती वगळली आहेत, तेही पाहावं. वगळलेल्या खात्यांची यादी आदेशाच्या शेवटी, एका ओळीतही असू शकते.