एडिटिंग मशीनवर फॉरमॅट मारायला सांगण्याआधी

परभणी, गंगाखेड, सेलू, जिंतूर भागातल्या स्टुडिओवाल्या आणि व्हिडिओ शूटिंगवाल्या ग्राहकांसाठी, आमच्या दुकानाकडून

लग्नसराई लागली की आमच्या काउंटरवर सीपीयू यायला लागतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "भाऊ, फॉरमॅट मारा, सगळं नव्यानं टाका." आम्ही ते लगेच करत नाही. सी ड्राइव्ह पुसला की डेस्कटॉपवर ठेवलेली प्रोजेक्ट फाइल, जमवलेले फॉन्ट, कधी कधी आख्खी हळद त्याच्यासोबत जाते आणि मूळ अडचण आहे तिथेच राहते. कारण दोष बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नसतोच. फाइल कुठे ठेवली आणि कशी शूट झाली, तिथे तो असतो. हे तुम्हाला घरी बसून तपासता येईल, म्हणून हे पत्रक.

सगळी टाइमलाइन लाल, 'मीडिया ऑफलाइन'

घाबरू नका, टाइमलाइन (क्लिप ओळीनं लावायची पट्टी) लाल दिसली तरी व्हिडिओ गेलेला नाही. प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, त्याचा पत्ता असतो: कुठला ड्राइव्ह, कुठला फोल्डर, कुठली क्लिप, कुठून कुठपर्यंत कापली. काल तुमची हार्ड डिस्क 'ई' होती. आज आधी पेन ड्राइव्ह लावला म्हणून ती 'एफ' झाली आणि पत्ता चुकला. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्या क्लिपवर राइट क्लिक करून 'लिंक मीडिया' घ्या आणि एक क्लिप दाखवा. त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या ते आपण होऊन शोधतं. पुन्हा असं होऊ नये म्हणून विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन हार्ड डिस्कला 'डब्ल्यू'सारखं शेवटाकडचं अक्षर देऊन ठेवा. आणि काम सुरू झाल्यावर फोल्डरचं नाव बदलू नका. 'न्यू फोल्डर'ला मागाहून चांगलं नाव दिलं तरी हेच होतं.

आवाज आणि चित्र जुळत नाही

सप्ताहाच्या कीर्तनांचं काम करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. एका ग्राहकानं दोन तासांचं कीर्तन मोबाइलवर शूट केलं होतं. पहिल्या अभंगाला सगळं बरोबर. शेवटच्या गजरापर्यंत मात्र मृदंगावर हात आधी पडताना दिसायचा आणि थाप मागून ऐकू यायची. त्यांनी आवाज अलीकडे ओढून शेवट जुळवला, तर सुरुवात बिघडली. दोन दिवस ते याच्यातच अडकून होते.

आधी एवढंच बघा: फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा आहे की वाढत जातो? सारखा असेल तर ऑडिओ सरकवला की काम झालं. वाढत जात असेल तर सरकवण्यात वेळ घालवू नका. मोबाइलवर सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे 30 चित्रं, असं लिहिलेलं असतं, पण मंडपात उजेड कमी झाला, फोन तापला की तो काही सेकंद कमी फ्रेम घेतो, पुन्हा वाढवतो. आवाज मात्र एकाच चालीनं रेकॉर्ड होत राहतो. काही सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम समान अंतरावर आहेत असं धरून चालतात, म्हणून चित्र हळूहळू पुढे पळतं. उपाय फुकट आहे. हँडब्रेक हे सॉफ्टवेअर घ्या, व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट 30 निवडा, त्याखाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करा आणि तयार झालेली फाइल टाइमलाइनवर घ्या. मूळ फाइल जपून ठेवा. त्या ग्राहकाचं कीर्तन असंच जुळलं, एकही कट न मारता.

मिक्सरवरून वेगळा आवाज घेत असाल तर रेकॉर्डर 48 किलोहर्ट्झवर ठेवा. तरीही दोन तासांत थोडा फरक पडू शकतो, कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत एक नसतात. अभंग संपतो तिथे कट घेऊन पुन्हा जुळवा, ऐकणाऱ्याला कळत नाही.

नावं फुटतात

पत्रिकेवरचं 'चि.' टायटलमध्ये टाइप केलं की वेलांटी च च्या डावीकडे न बसता उजवीकडे जाऊन बसते, 'लक्ष्मी'मधला क्ष फुटून पाय मोडलेला क आणि ष वेगळे दिसतात. नवरीचं नाव असं मोडलेलं कुणाच्याही एलईडी वॉलवर जाऊ नये, एवढी आमची कळकळीची विनंती आहे. प्रीमियरच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'ग्राफिक्स' उघडा, टेक्स्ट इंजिन 'साऊथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा आणि टायटल नव्यानं टाइप करा. दुसऱ्या मशीनवर नेल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल, तर मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे आणि तो फॉन्ट तिथे नाही. मुक्ता, बालू असे युनिकोड फॉन्ट मोफत मिळतात, तेच वापरायची सवय लावा.

अडकत चालतं, लटकतं

नव्या कॅमेऱ्यांचं 4के फुटेज बहुधा एच.265 या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत असतं. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. म्हणून प्रत्येक चित्र मशीनला हिशोब करून उभं करावं लागतं. रॅम वाढवायला येण्याआधी प्रॉक्सी बनवून बघा. 720पी च्या हलक्या नकलांवर कटिंग करा, एक्स्पोर्टला, म्हणजे शेवटची फिल्म काढताना, मूळ फुटेजच वापरलं जातं. सी ड्राइव्हवर जागा आहे का तेही बघा, कॅशे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइल, तिथेच साचतो. आणि मे महिन्यात दुपारी एक्स्पोर्ट जोरात सुरू होऊन मग रेंगाळत असेल, तर ती उष्णता आहे. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. पंख्यातली धूळ काढा, मोठे एक्स्पोर्ट पहाटे लावा.

एक्स्पोर्ट दर वेळी त्याच टक्क्यावर थांबतं? टाइमलाइनवर तेवढ्या अंतरावरची क्लिप किंवा इफेक्ट काढून बघा, बहुतेकदा दोषी तिथेच सापडतो.

पेन ड्राइव्ह रिकामा असूनही फिल्म कॉपी होत नसेल तर तो बहुधा फॅट32 या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे. त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट करा. पाहुण्यांचा जुना टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल तर फॅट32च ठेवून फिल्मचे दोन भाग करून द्या.

क्रॅक सॉफ्टवेअर आम्ही टाकून देत नाही, कृपया आग्रह करू नका. त्यासोबत आलेल्या व्हायरसनं हार्ड डिस्क लॉक झालेली आम्ही पाहिली आहे. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती लग्नाच्या कामाला पुरते.

लाइट कधीही जाते, म्हणून ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा. 100 एमबीपीएसवर तासाभराचं शूटिंग साधारण 45 जीबी होतं, त्यामुळे कार्ड लवकर रिकामं करावंसं वाटतं हे समजतं. पण फुटेज दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर गेलं आणि दोन्हीकडे उघडून पाहिलं, याशिवाय कार्ड पुसू नका.

एवढं करूनही अडलं तर या. येताना मूळ फुटेजची हार्ड डिस्क, प्रोजेक्ट फाइल आणि स्क्रीनवर आलेल्या एररचा मोबाइलवर काढलेला फोटो आणा. फोटो असला की निम्मा वेळ वाचतो. रिसेप्शन उद्यावर असेल तर तसं आल्या आल्या सांगा, तुमचं मशीन आधी घेऊ.