आधुनिक डिझाइन

आधुनिक डिझाइन : वस्तू प्रत्यक्ष घडवण्याआधी तिचा आकार, रचना, साहित्य आणि वापर ठरवण्याचे स्वतंत्र काम, तसेच त्या कामाविषयीचा विचार. मराठीत हा शब्द दोन अर्थांनी रुळला आहे. कापडावरची नक्षी म्हणजेही डिझाइन आणि यंत्राचा आराखडा म्हणजेही डिझाइन. आरेखन, अभिकल्प, आकृतिबंध असे प्रतिशब्द पाठ्यपुस्तकांत सापडतात, पण बोलण्यात डिझाइनच टिकले. गंमत अशी की नक्षी आणि आराखडा या दोन अर्थांची ओढाताण हाच या विषयाच्या पहिल्या शंभर वर्षांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : कुंभार चाकावर मडके घडवतो तेव्हा आकार ठरवणारे डोके आणि माती ओढणारे हात एकाच माणसाचे असतात. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ही जोडी फुटली. जोसाया वेजवुड यांच्या चिनी मातीच्या कारखान्यासाठी १७७५ पासून जॉन फ्लॅक्समन हे शिल्पकार नमुने करून देत. कामगारांनी ते जसेच्या तसे उतरवायचे. माणसांची कधीही न चुकणारी यंत्रे बनवावीत, असे वेजवुड यांनी १७६९ मधल्या एका पत्रात लिहून ठेवले आहे. आधुनिक डिझाइनचा जन्म शोधायचा तर तो एखाद्या सुंदर वस्तूत शोधू नये, या वाटणीत शोधावा. ठरवणारा एक, घडवणारा दुसरा आणि वापरणारा तिसराच. पुढचे जवळजवळ सगळे वाद या तिघांमधल्या अंतराचे आहेत.

१८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हे अंतर सर्वांना दिसले. जोसेफ पॅक्सटन मूळचे बागकाम पाहणारे. वनस्पतींसाठी काचघरे बांधण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. त्याच धर्तीवर लोखंड आणि काच यांच्या सुट्या, ठरावीक मापाच्या भागांतून त्यांनी ‘क्रिस्टल पॅलेस’ काही महिन्यांत उभा केला. सुमारे ६० लाख लोकांनी प्रदर्शन पाहिले. इमारत पुढच्या शतकातली वाटावी अशी, पण आत मांडलेला माल मात्र वेलबुट्टीने गुदमरलेला. यंत्रामुळे नक्षी स्वस्त झाली होती, त्यामुळे जिथे जागा मिळेल तिथे ती चढवली जात होती. प्रदर्शनाचे एक सूत्रधार हेन्री कोल यांनी पुढे नव्या संग्रहालयात वाईट अभिरुचीच्या वस्तूंचे चक्क एक दालनच मांडले. लोकांनी त्याला ‘भयदालन’ म्हटले.

विल्यम मॉरिस (१८३४–९६) यांनी या रोगाचे मूळ यंत्रापेक्षाही श्रमाच्या विटंबनेत पाहिले. ज्याला कामात आनंद नाही त्याच्या हातून सुंदर वस्तू निघणार कशी, हा त्यांचा प्रश्न. १८६१ मध्ये त्यांनी भागीदारांसह स्वतःची कंपनी काढली. भित्तिकागद, कापड, रंगीत काचकाम, फर्निचर असे सगळे केले. पण हाताने केलेले महाग पडते. समाजवादी मॉरिस यांचा माल शेवटी श्रीमंतांच्याच दिवाणखान्यांत गेला, आणि हे शल्य त्यांनाही होते. त्यांच्या विचारातून ‘आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स’ ही हस्तकौशल्याला मान देणारी चळवळ उभी राहिली.

त्याच काळात एका खुर्चीने हा पेच कसलाही जाहीरनामा न काढता सोडवला होता. मिखाएल टोनेट यांच्या कारखान्यातली १८५९ ची ‘१४ क्रमांकाची खुर्ची’ म्हणजे लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. बीच झाडाच्या गोल दांड्या वाफेवर मऊ करायच्या, लोखंडी साच्यात वाकवायच्या आणि तशाच वाळू द्यायच्या. मागचे पाय आणि पाठीची कमान ही एकच सलग दांडी. तिच्या आत पाठीला आधार देणारी दुसरी छोटी कमान. कोरीव काम नाही, सुताराचा सांधाही नाही. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत आणि पोहोचतील तिथे जोडल्या जात. १९३० पर्यंत अशा सुमारे ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या. हिच्या रूपात ‘साधेपणाचे तत्त्वज्ञान’ शोधणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात ते रूप वाफ, साचा आणि वाहतूक खर्च यांतून आले.

कार्य आणि अलंकरण : ‘रूप कार्याच्या मागोमाग येते’ हे या क्षेत्रातले सर्वांत घासलेले वाक्य अमेरिकन वास्तुविशारद लुई सलिव्हन यांच्या १८९६ मधल्या लेखातले. त्याचा अर्थ पुढे ‘नक्षी नको’ असा लावला गेला, पण सलिव्हन यांच्या स्वतःच्या इमारतींवर पानाफुलांचे दाट अलंकरण आहे. नक्षीविरुद्ध खरी तोफ डागली ती व्हिएन्नाचे वास्तुविशारद अडोल्फ लोस यांनी. अलंकरण म्हणजे वाया घालवलेले श्रम, वाया घालवलेले साहित्य आणि मागासलेपणाची खूण, असे त्यांनी गुन्ह्याशी तुलना करून मांडले. त्या मांडणीत गोंदवून घेणाऱ्या पॅसिफिक बेटांवरच्या लोकांना ‘अविकसित’ ठरवणारा वंशश्रेष्ठत्वाचा सूर उघड आहे. आधुनिक डिझाइनचा पांढरा, स्वच्छ, निरलंकृत चेहरा पाहताना हे विसरता येत नाही.

१९०७ मध्ये म्युनिकला ‘डॉइचर वर्कबुंड’ ही कलावंत आणि उद्योजक यांची संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी वास्तुविशारद पेटर बेरेन्स एईजी या विजेच्या कंपनीचे कलासल्लागार झाले. बोधचिन्ह, जाहिराती, पंखे, दिवे, किटल्या, एवढेच नव्हे तर कारखान्याची इमारतही एकाच माणसाच्या नजरेखालून जाऊ लागली. १९०९ च्या त्यांच्या विजेच्या किटल्या पाहण्यासारख्या आहेत. भांड्याचे मोजके आकार, मोजके धातू, पृष्ठभागाचे मोजके पोत. त्यांची अदलाबदल करून अनेक नमुने तयार होत, पण आतले विजेचे भाग तेच. वॉल्टर ग्रोपियस, मीस व्हान डेर रोह आणि ल कॉर्ब्युझिए हे पुढे नावाजलेले तिघेही वास्तुविशारद उमेदीच्या वयात बेरेन्स यांच्या कार्यालयात काम करून गेले.

वर्कबुंडमधली फूट १९१४ मध्ये कोलोनच्या अधिवेशनात बाहेर आली. वास्तुविशारद हेर्मान मुथेसियस यांचे म्हणणे, ठरावीक प्रमाण नमुने असल्याशिवाय चांगली अभिरुची सर्वत्र पोहोचणार नाही. बेल्जियन कलावंत आंरी व्हान दे व्हेल्डे यांचे उत्तर, कलावंत स्वभावतःच कुणाच्या साच्यात बसणार नाही. निकाल लागला नाही. महायुद्ध मध्ये आले.

बाउहाउस : १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमार येथे ग्रोपियस यांनी सुरू केलेली ही कला आणि डिझाइनची शाळा १९२५ मध्ये डेसाउला, १९३२ मध्ये बर्लिनला गेली आणि नाझी सत्तेच्या दबावाखाली १९३३ मध्ये बंद पडली. ग्रोपियस, हानेस मायर आणि मीस असे तिचे तीन संचालक. अवघ्या १४ वर्षांच्या या संस्थेला नंतर इतके श्रेय मिळाले की आधुनिक डिझाइन म्हणजे बाउहाउस असा समज झाला. तिचा सर्वांत टिकाऊ वारसा कदाचित तिथला प्राथमिक अभ्यासक्रम असावा. योहानेस इटेन यांनी सुरू केलेल्या या वर्गात विद्यार्थी आधी कागद, तार, लाकूड, रंग हाताळून साहित्याचा स्वभाव समजून घेत, मग कार्यशाळेत जात. जगभरच्या डिझाइन शाळांचे पहिले वर्ष आजही थोड्याफार फरकाने असेच असते.

१९२३ मध्ये शाळेने ‘कला आणि तंत्रज्ञान : एक नवी एकात्मता’ अशी घोषणा दिली. घोषणा आणि वस्तुस्थिती यांत किती अंतर होते ते तिथले विद्यार्थी विल्हेल्म वागेनफेल्ड यांच्या दिव्यावरून कळते. काचेचा गोल घुमट, सरळ दांडा, वर्तुळाकार बैठक. १९२४ मध्ये हा दिवा लाइपझिगच्या जत्रेत ठेवला तेव्हा व्यापारी हसले, असे वागेनफेल्ड यांनीच सांगितले आहे. दिसायला कारखान्यातला स्वस्त माल, पण तो हाताने केलेला आणि म्हणून महाग. यंत्राचे रूप आले होते, यंत्र यायचे होते.

स्त्रियांबाबतही तसेच घडले. आरंभी समान प्रवेशाचे आश्वासन होते, पण बहुतेक विद्यार्थिनींची रवानगी विणकामाकडे होई. आनी आल्बर्स यांना काचकाम करायचे होते, त्या विणकामात गेल्या आणि तिथे मोठ्या झाल्या. मारियान ब्रांट यांनी मात्र धातूच्या कार्यशाळेत पाय रोवला. गुंटा श्ट्योल्त्सल यांच्या हाताखाली विणकाम विभागाने कारखान्यांसाठी कापडाचे नमुने दिले. उद्योगाशी नाते जोडण्याचे संस्थेचे स्वप्न पुरे करण्यात या ‘दुय्यम’ विभागाचा वाटा मोठा होता.

फ्रँकफर्टचे स्वयंपाकघर : पहिल्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराने वास्तुविशारद एर्न्स्ट माय यांच्या नेतृत्वाखाली मोठ्या वसाहती बांधल्या. त्या वसाहतींसाठी वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये जे स्वयंपाकघर आखले ते सुमारे १.९ बाय ३.४ मीटरचे. नमुना होता आगगाडीतल्या भोजनयानाचा. कोणत्या कामाला किती पावले, किती सेकंद लागतात याची मोजणी करून ओटा, मोरी, शेगडी आणि फडताळे यांच्या जागा ठरवल्या. खिडकीखाली काम करायची फळी, तिच्यापुढे फिरते स्टूल, सालपटे लोटायला फळीतच सोय, भिंतीला दुमडणारे इस्त्रीचे टेबल, छतावर सरकवता येणारा दिवा. डाळी, साखर यांसाठी ॲल्युमिनियमचे खण, प्रत्येकावर नाव आणि ओतायला चोच. पिठाला कीड लागू नये म्हणून त्याचा खण ओक लाकडाचा. माशा बसत नाहीत या समजुतीने कपाटांना निळसर हिरवा रंग. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली.

राहायला आलेल्यांच्या तक्रारीही तितक्याच बोलक्या आहेत. खालचे खण मुलांच्या हाताला लागत. दोघांना एकदम काम करता येत नसे. बाई एकटी त्या खोलीत बंद होई. हे काम हाती घेण्यापूर्वी आपण कधी घर चालवले नव्हते की स्वयंपाक केला नव्हता, हे शुटे-लिहोत्स्की यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. पावले मोजली होती; सोबत कुणाला हवी असते का, हे मोजलेले नव्हते.

बाजार आणि ‘चांगले डिझाइन’ : अमेरिकेत डिझाइन वाढले ते विक्रीच्या गरजेतून. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाती रूपसज्जेचा विभाग दिला आणि दरवर्षी नवे मॉडेल काढून जुने जुनाट ठरवण्याची पद्धत रुजली. महामंदीच्या काळात रेमंड लोवी, नॉर्मन बेल गेडेस यांनी आगगाडीपासून घरगुती उपकरणांपर्यंत सर्वांना वारा कापणारा निमुळता आकार दिला. जागचे न हलणाऱ्या वस्तूंना वारा कापून काय करायचे होते, हे विचारण्याच्या मनःस्थितीत ग्राहक नव्हता. हेन्री ड्रायफस यांनी वेगळा रस्ता धरला : माणसाच्या देहाची मापे. वस्तूने माणसाला जुळवून घ्यावे, हा धडा युद्धानेही दिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ या बाँबफेकी विमानांचे वैमानिक उतरल्यावर पंखांच्या झडपांऐवजी चुकून चाके आत ओढून घेत. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चापानिस यांना दिसले की दोन्ही दट्टे शेजारी आणि सारखेच होते. एकावर रबरी चाक, दुसऱ्यावर पाचरीचा आकार बसवला आणि चुका थांबल्या. दोष माणसाचा म्हणून नोंदला जात होता, तो वस्तूचा निघाला.

युद्धोत्तर जर्मनीत उल्म येथील डिझाइन शाळेने (१९५३–६८) कलेची भाषा जवळजवळ टाकून दिली. गणित, समाजशास्त्र, चिन्हशास्त्र शिकवले. तिच्याशी जोडलेले हान्स गुगेलोट आणि ब्राउन कंपनीचे डीटर राम्स यांचा १९५६ चा रेडिओ-ग्रामोफोन पारदर्शक झाकणामुळे ‘हिमगौरीची शवपेटी’ म्हणून ओळखला जातो.

पद्धतीचा शोध : डिझाइनच्या पद्धतींवरच्या १९६२ च्या लंडन परिषदेपासून डिझाइनला शास्त्रशुद्ध पद्धत देण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्ये व्याख्या इतकी रुंद केली की असलेली परिस्थिती हवी तशी करण्याचा बेत आखणारा प्रत्येक जण डिझाइनर ठरला. पूर्वी उल्मला शिक्षक असलेले होर्स्ट रिटेल आणि त्यांचे सहकारी मेल्विन वेबर यांनी १९७३ मध्ये या उत्साहाला लगाम घातला. काही प्रश्न ‘विकट’ असतात : त्यांची मांडणी करणे हेच अर्धे उत्तर असते, उत्तर बरोबर की चूक हे ठरत नाही, फक्त बरे की वाईट ठरते, आणि ‘हा नुसता प्रयोग होता’ म्हणून मागे फिरता येत नाही. या विषयातला माझ्या मते सर्वांत प्रामाणिक सिद्धांत हाच.

सत्तरच्या दशकात डिझाइनर व्हिक्टर पापानेक यांनी औद्योगिक डिझाइन हा जगातल्या सर्वांत घातक व्यवसायांपैकी एक असल्याचा आरोप केला. १९८१ मध्ये मिलानमध्ये एत्तोरे सोत्सास यांच्या ‘मेम्फिस’ गटाने भडक रंग आणि नक्षीचे लॅमिनेट (फर्निचरवर चिकटवायचे प्लास्टिकचे पातळ पत्रे) वापरून ‘चांगल्या अभिरुची’चीच टर उडवली, लोस यांनी हाकललेले अलंकरण हसत परतले. इतिहासलेखनातही बदल झाला. कलेतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर यांनी १९३६ मध्ये मॉरिसपासून ग्रोपियसपर्यंत थोर पुरुषांची सरळ परंपरा आखली होती; १९८० नंतर स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यात गाळलेली नावे आणि कामे पुढे आणली. मानसशास्त्रज्ञ डॉनल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये दाराचे साधे उदाहरण घेतले. ढकलायचे की ओढायचे हे सांगायला पाटी लावावी लागत असेल तर दार चुकले आहे.

संगणकाच्या पडद्यावर तर वस्तूच उरत नाही, उरतात फक्त खुणा, आणि त्या वापरणाऱ्याच्या हातात असतानाही रातोरात बदलता येतात. दुसऱ्या बाजूला कचरा आणि दुरुस्ती यांमुळे ठरवणाऱ्यांच्या पंगतीत कायदाही येऊन बसला आहे. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मोबाइल फोनना चार्जिंगसाठी यूएसबी-सी हेच तोंड सक्तीचे झाले. मुथेसियस यांनी कोलोनमध्ये मागितलेला प्रमाण नमुना ११० वर्षांनी असा अवतरला, मिलिमीटरांत मोजावा एवढा.