एलआयसीचा पगार राजपत्रात का छापून येतो?

मार्च २०२४ मध्ये एलआयसीच्या एक लाख दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना १७ टक्के पगारवाढ जाहीर झाली. वाढ लागू होती १ ऑगस्ट २०२२ पासून, म्हणजे वीस महिन्यांची थकबाकी साचलेली. त्याआधीची वाढ ऑगस्ट २०१७ पासूनची, ती एप्रिल २०२१ मध्ये आली. त्याच्याही आधीची ऑगस्ट २०१२ पासूनची, ती मिळायला जानेवारी २०१६ उजाडला. दर पाच वर्षांनी ऑगस्टमध्ये वेतनश्रेणी बदलायच्या हे ठरलेलं असतं, पण त्या कधी हातात पडतील हे कुणी सांगू शकत नाही. सरकारी बँकांत आयबीए (बँकांची संघटना) आणि युनियन बसून करार करतात आणि सह्या करतात. एलआयसीतही व्यवस्थापन युनियनशी बोलणी करतं, पण त्यातून निघालेला आकडा दिल्लीला जातो आणि केंद्र सरकारची अधिसूचना राजपत्रात निघाल्यावरच तो खरा होतो. हे नेहमी असं नव्हतं. १९८१ पूर्वी इथेही करार होत असत. ते कसे बंद पडले, हा या नोकरीच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

सुरुवात १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळची. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. वटहुकूम आधी गुप्त ठेवलेला होता आणि सरकारने कंपन्यांचा कारभार लगोलग ताब्यात घेतला. १ सप्टेंबर १९५६ रोजी पाच कोटी रुपये भांडवलावर आयुर्विमा महामंडळ, म्हणजे एलआयसी, सुरू झालं. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या अशा २४५ संस्था त्यात विलीन झाल्या. मुंबईची ओरिएंटल १८७४ ची, बॉम्बे म्युच्युअल १८७० ची, साताऱ्याची वेस्टर्न इंडिया वेगळीच. प्रत्येकीची पगारश्रेणी निराळी, पीएफचे नियम निराळे, रजा निराळ्या. एका कंपनीचा हेडक्लार्क दुसरीच्या कारकुनापेक्षा कमी पगार घेत असे. ही सगळी मंडळी एका छताखाली आणून कुणाला कुठल्या श्रेणीत बसवायचं, यावरच पहिली काही वर्षं गेली. १९६० च्या स्टाफ रेग्युलेशन्सने चार वर्ग पक्के केले: अधिकारी पहिल्यात, डेव्हलपमेंट ऑफिसर दुसऱ्यात, कारकून-सहायक तिसऱ्यात, शिपाई वगैरे चौथ्यात. ही विभागणी आजही आहे.

संघटना मात्र महामंडळापेक्षा जुनी. अखिल भारतीय विमा कर्मचारी संघटना १ जुलै १९५१ रोजी मुंबईत स्थापन झाली, राष्ट्रीयीकरणाच्या पाच वर्षं आधी. राष्ट्रीयीकरण ही तिची मागणीच होती. त्यामुळे सरकार मालक झाल्यावर संघटना आणि मालक यांचं नातं विचित्र झालं: ज्याला बोलावून आणलं, त्याच्याशीच भांडायचं.

भांडणाचा मोठा प्रसंग बोनसवरून आला. १९६५ च्या बोनस कायद्यातून एलआयसी कर्मचारी वगळलेले होते. म्हणजे बोनस हवा असेल तर तो करारातूनच मिळवायचा. २४ जानेवारी आणि ६ फेब्रुवारी १९७४ च्या करारांत तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाला वार्षिक पगाराच्या १५ टक्के बोनस ठरला. नफा झाला का, किती झाला, हा प्रश्नच नाही. कराराची मुदत १ एप्रिल १९७३ ते ३१ मार्च १९७७. पहिली दोन वर्षं पैसे मिळाले. १९७५-७६ चा बोनस एप्रिल १९७६ च्या पगाराबरोबर मिळायचा होता. तो आलाच नाही. आणीबाणी होती.

कर्मचारी कोलकाता उच्च न्यायालयात गेले. २१ मे १९७६ रोजी न्यायालयाने बोनस द्या असा आदेश दिला. आठ दिवसांत, २९ मे रोजी, संसदेने कायदा करून करारातलं बोनसचं कलम मागील तारखेपासून रद्द केलं. एलआयसीने अपील केलं होतं, पण आता कायदाच आला आहे, म्हणून ते पुढे नेलं नाही. आणि तिथेच चूक झाली. अपील न चालवल्याने कोलकात्याचा निकाल अंतिम झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने मदन मोहन पाठक खटल्यात हा कायदा फेटाळला. न्यायालयाने दिलेला अंतिम आदेश संसद असा पुसून टाकू शकत नाही, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता.

सरकार गप्प बसलं नाही. कराराची मुदत संपली, आता नोटीस देऊन बोनस बंद करता येईल, असं धरून १९७८ मध्ये पावलं टाकली गेली. तेही अंगाशी आलं. १० नोव्हेंबर १९८० च्या डी. जे. बहादूर खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की मुदत संपली म्हणून करार मरत नाही. त्याच्या जागी नवा करार किंवा निवाडा येईपर्यंत तोच चालू राहतो. औद्योगिक विवाद कायदा हा या बाबतीत विशेष कायदा, एलआयसी कायदा त्यापुढे चालणार नाही.

मग ३१ जानेवारी १९८१ चा वटहुकूम आला. पुढे त्याचाच कायदा झाला आणि एलआयसी कायद्याच्या ४८ व्या कलमात एक पोटकलम घुसलं, (सीसी). नोकरीच्या अटी केंद्र सरकार नियम करून ठरवेल आणि औद्योगिक विवाद कायद्यात काहीही असलं तरी तेच चालेल, असा त्याचा अर्थ. २ फेब्रुवारीला नियम निघाले. १९८२ मध्ये ए. व्ही. नाचणे खटल्यात न्यायालयाने कायदा वैध ठरवला, फक्त मागच्या तारखेची काठी तोडली: २ फेब्रुवारी १९८१ पर्यंतचा बोनस द्यावाच लागेल, पुढचा नाही. बोनसची लढाई कर्मचारी कोर्टात तीनदा लढले आणि शेवटी जे हरले ते बोनसपेक्षा मोठं होतं. करार करण्याचा हक्कच गेला. आजच्या प्रत्येक वेतनवाढीच्या अधिसूचनेत (सीसी) चा उल्लेख सापडतो, तो यामुळे.

अधिसूचनेला उशीर होतो तेव्हा पगार अगदीच गोठत नाही, कारण महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी (फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर) निर्देशांकानुसार बदलतो. तो जुन्या बेसिकवर मिळत राहतो. अडचण थकबाकी एकदम आल्यावर होते. दीड-दोन वर्षांचा फरक एका आर्थिक वर्षात जमा होतो आणि कराचा टप्पा वर सरकतो. २०२४ ची थकबाकी घेणाऱ्यांना प्राप्तिकर कायद्याच्या ८९ व्या कलमाखाली सवलत होती, पण त्यासाठी विवरणपत्राच्या आधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागे. अनेकांनी सवलत विवरणपत्रात दाखवली आणि फॉर्म विसरला. मग ती नाकारल्याची नोटीस आली. वाढ लागू झाल्याची तारीख आणि अधिसूचना यांच्या मधल्या काळात निवृत्त झालेल्यांची पेन्शन पुन्हा मोजली जाते. पेन्शन शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरीवर असते आणि या दहांत जुन्या-नव्या पगाराचे महिने मिसळू शकतात, म्हणून फेरहिशेबाचा तक्ता महिन्यागणिक तपासलेला बरा.

पेन्शनची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. आधी एलआयसीत पीएफ होता: कर्मचाऱ्याचा वाटा आणि महामंडळाचा वाटा, निवृत्तीला एकरकमी. २८ जून १९९५ रोजी पेन्शन नियम आले, अंमल १ नोव्हेंबर १९९३ पासून. आधीपासून नोकरीत असलेल्यांपुढे पर्याय ठेवला: पेन्शन हवी असेल तर पीएफमधला महामंडळाचा वाटा सोडा. तेव्हा बऱ्याच जणांनी हातातली रक्कम सोडायला नकार दिला. व्याजदर चांगले होते, पेन्शन म्हणजे सरकारी कागद असं वाटत होतं. व्याजदर उतरले तसा पश्चात्ताप वाढला. पर्याय पुन्हा खुला करा ही मागणी वीसेक वर्षं चालली आणि एप्रिल २०१९ मध्ये शेवटची संधी मिळाली, अर्थात महामंडळाचा वाटा परत करून.

हिशेब असा होतो. ३३ वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली तर शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या निम्मी मूळ पेन्शन. कमी झाली तर त्या प्रमाणात, पण किमान दहा वर्षं हवीत. समजा सरासरी ९०,००० रुपये आणि सेवा ३० वर्षं: ९०,००० चे निम्मे ४५,०००, त्याला ३० ने गुणून ३३ ने भागलं की सुमारे ४०,९०९ रुपये. एक तृतीयांश विकली, म्हणजे कम्युट केली, तर १३,६३६ कमी होऊन २७,२७३ उरतात. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. बिनपगारी रजा सामान्यतः सेवेत धरत नाहीत, त्यामुळे परदेशी मुलांकडे राहण्यासाठी घेतलेली लांब रजा इथे कापून येते. सर्व्हिस शीट निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधीच मागून पाहावी.

सगळ्यात महागात पडणारी चूक एका शब्दाची आहे. नोकरी सोडताना ‘राजीनामा’ लिहिलं की मागची सेवा जप्त होते आणि पेन्शन जाते. वीस वर्षं अर्हताकारी सेवा झालेल्याने ‘स्वेच्छानिवृत्ती’ मागायची, किमान नव्वद दिवसांची लेखी नोटीस द्यायची. १५ मार्च २०१९ च्या श्री लाल मीना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद कायम ठेवला: राजीनामा म्हणजे निवृत्ती नव्हे, मग सेवा कितीही झालेली असो.

पेन्शनच्या गोष्टीतली आणखी एक तारीख १ एप्रिल २०१०. त्या दिवशी आणि त्यानंतर लागलेल्यांना ही पेन्शन नाही, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आहे. एकाच ब्रँचमध्ये शेजारच्या टेबलांवर १९८९ ला लागलेला, १९९६ ला लागलेला आणि २०१२ ला लागलेला असे तिघे बसलेले दिसतात. काम सारखं, पॉलिसी सर्व्हिसिंगचे तेच कागद. पहिल्याला पर्याय मिळाला होता, दुसऱ्याला तो नव्हता कारण तो थेट पेन्शनमध्येच आला, तिसऱ्याच्या पगारातून मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के कपात जाते. महामंडळाचा वाटाही दहा टक्के होता, तो २०२४ च्या निर्णयाने १४ टक्के झाला. अशा कर्मचाऱ्यांची संख्या तेव्हा सुमारे २४ हजार सांगितली गेली.

पेन्शनरांची तक्रार उलटी आहे. वेतनश्रेणी बदलल्या तरी आधी निवृत्त झालेल्यांची मूळ पेन्शन बदलत नाही, फक्त महागाई दिलासा वाढतो. २०२४ मध्ये सुमारे ३० हजार पेन्शनर आणि कुटुंब पेन्शनरांना एकदाच सानुग्रह रक्कम मिळाली, अद्ययावतीकरण नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कुटुंब पेन्शन मात्र सरसकट ३० टक्के झाली. पूर्वी पगार जास्त असेल तसा हा दर खाली जात असे, त्यामुळे वरच्या पदावरच्यांच्या विधवांना प्रमाणाने कमी मिळत होतं.

त्याच घोषणेत एजंटांसाठीही होतं: ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख, मुदत विमा ३,०००-१०,००० रुपयांवरून २५,००० ते १,५०,००० रुपये. एजंट हे कर्मचारी नव्हेत, ही गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही. २०२३ मध्ये तेरा लाखांच्या आसपास एजंट असलेल्या या संस्थेत पगारपत्रकावर लाखभरच लोक होते.

पगारपत्रकाच्या बाहेर आणखी एक वर्ग राहिला. १९८५ ते १९९१ दरम्यान हंगामी, अर्धवेळ किंवा दुसऱ्याच्या जागी बदली म्हणून घेतलेले लोक. मुंबईच्या राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणात न्या. तुळपुळे यांचा १९८६ चा निवाडा आणि न्या. जामदार यांचा १९८८ चा, त्यानंतर दशकानुदशकं याचिका. २७ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली आणि निकष घातला: २० मे १९८५ ते ४ मार्च १९९१ या काळात चौथ्या वर्गात तीन वर्षांत ७० दिवस किंवा तिसऱ्यात दोन वर्षांत ८५ दिवस काम झालेलं हवं. पात्र ठरणाऱ्याला नोकरी नाही, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ५०,००० रुपये. तोवर त्यांच्यापैकी बरेच जण निवृत्तीचं वय ओलांडून गेले होते.