सिलिकोनजन्य लसीकाग्रंथिवृद्धी

स्तनातील इम्प्लांटमधून सुटलेले सिलिकोन लसीका (ऊतकांतून निघणारा पातळ द्रव) वाहणाऱ्या लसीकावाहिन्यांतून जवळच्या लसीकाग्रंथींत (हा द्रव गाळणाऱ्या लहान गाठींत) साठून त्या सुजणे वा कठीण होणे. स्तनातील लसीकेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काखेकडे जात असल्याने गाठ बहुधा त्याच बाजूच्या काखेत लागते. उरोस्थीलगतच्या (छातीच्या मधल्या हाडाजवळच्या) व कॉलरबोनच्या वरच्या ग्रंथींत ती क्वचित आढळते. मराठीत सिलिकॉन आणि सिलिकोन या शब्दांची सरमिसळ होते. सिलिकॉन हे मूलद्रव्य. सिलिकोन हे सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या अणुसाखळीचे बहुवारिक (पॉलिमर).

जेल भरलेले पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे टॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो यांनी बसविले. मात्र ग्रंथिविकाराची नोंद कोणती पहिली मानावी, यावर एकमत नाही. १९७७ मधील एका अमेरिकी वृत्तांताचा दाखला नेहमी दिला जातो. पण तो बोटांच्या कृत्रिम सांध्यांविषयी आहे. तेथे घन सिलिकोन रबर झिजून त्याचे कण ग्रंथींत गेले होते. फुटलेल्या जेल-इम्प्लांटमुळे ग्रंथींत होणाऱ्या बदलांचे वर्णन १९७८ मध्ये आले. द्रव सिलिकोन स्तनात टोचण्याची प्रथा या दोहोंआधीची असल्याने काही जण आरंभ आणखी मागे नेतात. झिजलेले कण आणि पाझरलेले जेल यांचा उगम वेगळा असल्यामुळे स्तनापुरते १९७८ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

सिलिकोन बाहेर कसे पडते, हाही चर्चेचा विषय आहे. कवच फुटणे हे उघड कारण. शरीराने इम्प्लांटभोवती तयार केलेले तंतुमय आवरण शाबूत असेल तर जेल त्याच्या आतच राहते; तेही भेदले गेले की ते ऊतकांत उतरते. परंतु कवच न फुटताही जेलमधील लहान रेणू त्यातून झिरपतात. त्यामुळे गाठ सापडली म्हणजे इम्प्लांट फुटलेच, असे म्हणता येत नाही. नव्या घट्ट जेलमध्ये हा पाझर कमी असतो, पूर्ण थांबत नाही. पॉली इम्प्लांट प्रोथेस या फ्रेंच कंपनीने औद्योगिक प्रतीचे सिलिकोन वापरल्याचे २०१० मध्ये उघड झाले, तेव्हा या प्रश्नाकडे पुन्हा लक्ष गेले.

सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथीचा छेद चाळणीसारखा दिसतो: लहानमोठ्या गोल पोकळ्या, त्यांभोवती फेसाळ महाभक्षी पेशी (परकीय कण गिळणाऱ्या पेशी) आणि अनेक केंद्रकांच्या बृहत्पेशी. पोकळ्यांत कधी काचेसारखा चमकणारा रंगहीन पदार्थ उरतो. ध्रुवित प्रकाशात (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात) तो उजळत नाही, शिवणीचा धागा वा टाल्क मात्र उजळतो. सोनोग्राफीत ग्रंथी हिमवादळासारखी पांढुरकी, धूसर दिसते. सिलिकोन वेगळे दाखविणारी एमआरआय तपासणी अधिक खात्रीची असते.

खरी अडचण पेट-स्कॅनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोज कोठे शोषले जाते ते दाखविणाऱ्या तपासणीत, येते. दाहामुळे या ग्रंथी ग्लुकोज शोषतात आणि कर्करोग पसरल्यासारख्या उजळतात. स्तनाच्या कर्करोगानंतर पुनर्रचना झालेल्या स्त्रीला अशा अहवालाने बसणारा धक्का जबर असतो. तो टाळता येतो. पण केवळ इम्प्लांट आहे म्हणून गाठ निरुपद्रवी ठरवू नये. सिलिकोन आणि कर्करोग एकाच ग्रंथीत असू शकतात, म्हणून शंका असेल तेथे सुईने नमुना घ्यावाच लागतो. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी निगडित दुर्मिळ लसीकार्बुदही (लसीकापेशींचा कर्करोग, लिम्फोमा) लक्षात ठेवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आपल्या वर्गीकरणात त्याला तात्पुरते स्वतंत्र स्थान दिले. भारतात काखेतील गाठ म्हटली की क्षयरोगाचा विचार आधी होतो. दोन्हींत कणार्बुदे (दाहपेशींचे लहान पुंजके) दिसतात, मात्र क्षयरोगातील पनीरासारखा मृतभाग सिलिकोनच्या गाठीत सहसा नसतो.

निदान पक्के झाले व त्रास नसला तर ग्रंथी काढण्याची गरज बहुधा पडत नाही. दुखत असल्यास ती काढतात. फुटलेले इम्प्लांट काढणे हा वेगळा निर्णय असतो. इम्प्लांट काढल्यावरही ग्रंथीतील सिलिकोन वर्षानुवर्षे राहते, म्हणून नमुन्यासोबतच्या कागदावर जुन्या, काढून टाकलेल्या इम्प्लांटचीही नोंद हवी.