2005 च्या खुणेवर माल ठेवला म्हणजे सुटलो?

सांगलीच्या पेठेत दुकानदारांकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं वाक्य: 2005 च्या पुराचं पाणी भिंतीला जिथं लागलं, त्याच्या वर माळा बांधा, माल सुरक्षित.

नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे. 2005 मध्ये पाणी 53 फुटांवर गेलं, तर 2019 मध्ये 57 फुटांच्याही पुढं. म्हणजे जुन्या खुणेच्या तीन फूट वर ठोकलेली फळीसुद्धा बुडाली. ती खूण एका वर्षाचा पूर दाखवते, नदीची हद्द नव्हे. धरणांचा विसर्ग आणि खालच्या भागातला पाऊस एकाच वेळी जुळला, की जुना हिशेब मोडतो.

माळा असू द्या, पण भरवसा वेळेत माल हलवण्यावर ठेवा. इशारा पातळी 40 फूट आहे. तिथं पाणी पोचायच्या आधीच माल हलवायला घ्या. आधी काय उचलायचं, टेम्पो कुणाचा, उतरवायचं कुठं, हे मे महिन्यातच ठरलेलं हवं. रस्ता पाण्याखाली गेल्यावर दुप्पट भाडं देऊनही गाडी मिळत नाही.

आणि कळकळीनं सांगतो, कर्जाबरोबर बँकेनं काढलेली पॉलिसी एकदा वाचा. पूर त्यात आहे का? माल धरलाय की नुसती इमारत आणि यंत्रं? रक्कम आजच्या साठ्याची आहे का? दुसऱ्या गल्लीतल्या गोदामाचा पत्ता आहे का? स्टॉक रजिस्टर आणि खरेदीची बिलं गल्ल्याखालच्या कप्प्यात असतील, तर त्यांचे फोटो काढून गावाबाहेरच्या नातेवाइकाला आजच पाठवा.